कॉलेज बदललं आणि एड अडकली: कुठे बघायचं, कोणत्या क्रमाने

अमेरिकेत कॉलेज बदलणाऱ्या मुलांची फायनॅन्शियल एड, म्हणजे शिक्षणासाठी मिळणारी ग्रँट आणि लोनची मदत, अडकते ती दरवर्षी त्याच त्या ठिकाणी. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या घरांमधून हे अर्ज माझ्याकडे येत राहतात. एकाचा सुटला की त्याच्या मावसभावाचा येतो. त्यातून बसलेला हा क्रम. वरच्या तपासण्या फुकट आणि घरबसल्या होणाऱ्या आहेत, खालच्या कागदपत्रांच्या आणि वेळखाऊ. बहुतेकांचं काम वरच्या तीन-चारांतच होतं, म्हणून उड्या मारू नका.

लक्षणं

- स्टुडंटएड डॉट गव्ह ही सरकारी साइट म्हणते फॅफ्सा, म्हणजे एडचा फेडरल फॉर्म, 'प्रोसेस्ड', आणि नव्या कॉलेजचं पोर्टल म्हणतं 'फॅफ्सा मिळालेला नाही'.
- अवॉर्ड लेटर आलं, पण त्यात नुसतं लोन. किंवा थर्ड इयरला जाणाऱ्या मुलाला फर्स्ट इयरएवढंच लोन.
- अवॉर्ड लेटर झकास, पण ट्यूशनच्या बिलातून एक डॉलर वजा नाही, आणि पैसे भरायची तारीख तोंडावर.
- जानेवारीत नवं कॉलेज सुरू, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत) गायब.
- नव्या कॉलेजात एकही तास न बसता 'तुमची शैक्षणिक प्रगती समाधानकारक नाही' असं पत्र.
- जुन्या लोनचा हप्ता सुरू होतोय म्हणून सर्व्हिसरची, म्हणजे लोनची वसुली बघणाऱ्या कंपनीची, ईमेल.

यातलं एकही लक्षण म्हणजे नकार नव्हे. घरोघरी घोटाळा एकाच समजुतीचा असतो: 'एड मंजूर झालीय, आता फक्त कॉलेज बदलायचंय.' तसं होत नाही. फॅफ्सा वर्षाचा असतो, एड कॉलेजची असते. फॉर्म एकदाच भरायचा, पण त्यावरून हिशोब प्रत्येक कॉलेज आपापला मांडतं. जुन्या कॉलेजने मांडलेला हिशोब नव्याकडे जात नाही. गेली तर फक्त उधारी जाते, म्हणजे आधी घेतलेलं लोन आणि वापरलेली ग्रँट.

१. फॉर्म कोणत्या वर्षाचा आहे?

पाच मिनिटांचं काम. एडचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. २०२६ च्या ऑगस्टमध्ये नव्या कॉलेजात जाणाऱ्याला २०२६-२७ चा फॉर्म लागतो, आणि त्यात २०२४ च्या टॅक्सची माहिती जाते. २०२६ च्या जानेवारीत जाणाऱ्याला २०२५-२६ चाच फॉर्म पुरतो, जो बहुधा जुन्या कॉलेजसाठी भरलेलाच असतो. जानेवारीत जाणारी मुलं नेमकी इथे चुकतात. नवं कॉलेज म्हणून नवा फॉर्म भरतात, तोही पुढच्या वर्षाचा, आणि मार्चपर्यंत वाट बघत बसतात. उन्हाळ्यातली सेमिस्टर दोन वर्षांच्या सीमेवर येते. ती कोणत्या वर्षात धरायची हे कॉलेज ठरवतं, तेव्हा तेवढं त्यांना विचारून घ्या.

२. नव्या कॉलेजचा कोड घातलाय का?

फॅफ्सात प्रत्येक कॉलेजचा सहा अक्षरी फेडरल स्कूल कोड असतो. कॉलेज बदललं म्हणून फॉर्म पुन्हा भरायचा नाही. भरलेला फॉर्म उघडून 'करेक्शन'मध्ये नवा कोड वाढवायचा. ऑनलाइन वीस कॉलेजं बसतात, त्यामुळे जागेसाठी जुनं काढायची गरज नाही. किंबहुना चालू सेमिस्टर जुन्या कॉलेजात असेल तर ते काढूच नका. काढलं की पुढची दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मिळत असलेल्या पैशात खोडा बसतो.

नाव बघून कोड निवडताना जरा जपून. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या वेगवेगळ्या कॅम्पसना पुष्कळदा वेगळे कोड असतात, आणि यादीत नावं एकाखाली एक, दिसायला सारखी. कोड कॉलेजच्या एड ऑफिसच्या पानावरून उचला, यादीतून अंदाजाने नको.

दुरुस्ती केल्यावर फॉर्म 'प्रोसेस्ड' व्हायला थोडे दिवस जातात आणि नंतर कॉलेज आपल्या गतीने तो ओढून घेतं. तेवढ्यात रोज उघडून नव्या दुरुस्त्या करत बसू नका. प्रत्येक दुरुस्तीने नवी नोंद तयार होते आणि कॉलेजला कोणती धरायची ते पुन्हा बघावं लागतं.

३. कॉलेजला फॉर्म मिळालाय, पण तो आपल्या मुलाचा आहे हे त्यांना कळलंय का?

ही माझी लाडकी तपासणी, कारण आपल्या नावांमुळे ही भानगड आपल्याकडे फार होते.

फॅफ्सा कॉलेजकडे पोहोचला की त्यांची प्रणाली तो अ‍ॅडमिशनच्या नोंदीशी जुळवते. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन, हे जुळलं तर पोर्टलवर 'मिळाला' दिसतं. नाही जुळलं तर फॉर्म त्यांच्याकडेच बेवारस पडून राहतो. आता समजा, मुलीचं नाव आर्या संजय कुलकर्णी. सोशल सिक्युरिटी कार्डावर पहिलं नाव 'आर्या संजय', आडनाव कुलकर्णी, कारण भारतीय पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात गेलं होतं. फॅफ्सा कार्डाप्रमाणे भरलेला. कॉलेजच्या अ‍ॅडमिशन फॉर्मवर नुसतं आर्या कुलकर्णी, आणि एसएसएनचा रकाना मोकळा, कारण तिथे 'ऐच्छिक' लिहिलं होतं. मशीनच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मुली.

उपाय सोपा आहे. एड ऑफिसला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'माझ्या स्टुडंट आयडीला फॅफ्सा जोडलेला आहे का?' 'फॅफ्सा मिळाला का' असं विचारलं तर समोरचा माणूस तेच पोर्टल बघून तेच उत्तर देतो. जोडलेला नसेल तर एसएसएन अ‍ॅडमिशन किंवा रजिस्ट्रारच्या नोंदीत भरून घ्यायचा. त्यासाठी त्यांचा फॉर्म किंवा सुरक्षित अपलोड असतो. एसएसएन ईमेलमध्ये कधीही लिहू नका, स्टुडंट आयडी पुरतो.

याचंच दुसरं रूप म्हणजे नागरिकत्व. ग्रीन कार्डवर असलेलं मूल मध्यंतरी सिटिझन झालं, आणि सोशल सिक्युरिटी ऑफिसला कोणी कळवलं नाही. फॅफ्सात 'सिटिझन' निवडल्यावर जुळणी फसते आणि कॉलेज पुरावा मागतं. पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट दाखवून त्या वर्षाचं काम होतं, पण सोशल सिक्युरिटीची नोंद सुधारली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

४. आईवडिलांची संमती झाली आहे का?

फॅफ्सात पालकांना 'काँट्रिब्युटर' म्हणतात. त्यांनी स्वतःच्या खात्यातून आत येऊन आयआरएस या टॅक्स खात्याकडून टॅक्सची माहिती घ्यायला संमती द्यावी लागते, सहीही करावी लागते. संमती नाही तर फेडरल एड नाही, उत्पन्न कितीही कमी असो. मुलगा म्हणतो 'मी सबमिट केलाय', पण फॉर्म वडिलांच्या ईमेलमधल्या न उघडलेल्या आमंत्रणावर थांबलेला असतो. स्टेटस 'इन प्रोग्रेस' दिसत असेल तर हेच समजा.

आईवडिलांनी टॅक्स जॉइंट भरला असेल तर दोघांपैकी एकाचंच खातं पुरतं. आई एच-४ या डिपेंडंट व्हिसावर आहे आणि तिला एसएसएन नाही म्हणून अडून बसलेली घरं मी पाहिली आहेत. वडिलांच्या खात्याने ते काम झालं असतं. टॅक्स वेगवेगळा भरला असेल तर मात्र दोघंही लागतात. एसएसएन नसलेल्या पालकालाही आता खातं उघडता येतं, फक्त ओळख पटवण्यात वेळ जातो.

५. पोर्टलवरची 'टू-डू' यादी

कंटाळवाणी, पण वाचा. जुन्या कॉलेजने केलेलं व्हेरिफिकेशन, म्हणजे फॅफ्सातल्या माहितीची कागदांवरून पडताळणी, नव्याला चालेलच असं नाही, ते तेच कागद पुन्हा मागू शकतात. 'आम्ही गेल्या वर्षी दिलेत' हे उत्तर नाही. शेवटच्या सेमिस्टरचे मार्क लागल्यावर फायनल ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवायचा असतो, तो न पोचल्यानेही एड थांबते. आणि अवॉर्ड लेटरमधलं लोन 'अ‍ॅक्सेप्ट' केल्याशिवाय बिलात येत नाही. जुन्या कॉलेजात सही केलेली मास्टर प्रॉमिसरी नोट, म्हणजे लोनचा करारनामा, बहुधा चालते, एंट्रन्स काउन्सेलिंग, म्हणजे लोन घेण्याआधीची माहितीची शिकवणी, मात्र काही कॉलेजं पुन्हा करायला लावतात.

६. जुन्या कॉलेजातून रीतसर बाहेर पडलात का?

वर्षाच्या मधे कॉलेज बदलणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. एका वेळी दोन कॉलेजांतून पेल ग्रँट घेता येत नाही. जुन्या कॉलेजने जानेवारीची सेमिस्टर गृहीत धरून पैसे मांडून ठेवले असतील, तर नव्याला ते देता येत नाहीत. मुलांना वाटतं क्लासला नाव नोंदवलं नाही म्हणजे झालं. नाही झालं. जुन्या एड ऑफिसला ईमेल लिहा: स्प्रिंगला मी येणार नाही, स्प्रिंगची सगळी एड रद्द करा, आणि रद्द केल्याचं लेखी कळवा. रजिस्ट्रारला वेगळं कळवायचं असतं. ते आलेलं उत्तर नव्या एड ऑफिसला पाठवा.

नवं कॉलेज फेडरल नोंदवहीत, म्हणजे एनएसएलडीएसमध्ये, मागचं घेतलेलं तपासतं. वर्षाच्या मधे आलेल्या विद्यार्थ्यासाठी ते तिथे कळवून सात दिवस थांबतात, नाहीतर स्वतः नोंद उघडून बघतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पैसे नाही आले तर घाबरायचं कारण नाही. आणि वर्षाची मर्यादा एकच राहते. सेकंड इयरच्या मुलाने वर्षाच्या ६,५०० डॉलर लोनपैकी ३,२५० जुन्या कॉलेजात घेतले असतील तर नव्यात ३,२५० उरतात. तिथे वर्ष नव्याने सुरू होत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. सेमिस्टर अर्धवट सोडू नका. साठ टक्के सेमिस्टर होण्याआधी सगळे क्लास सोडले तर न 'कमावलेली' एड परत जाते, आणि जुनं कॉलेज ती रक्कम तुमच्या नावावर टाकतं. ते बिल थकलं की होल्ड लागतो आणि ट्रान्सक्रिप्ट अडू शकतो. ट्रान्सक्रिप्ट नाही तर क्रेडिट नाहीत. कॉलेज कितीही नकोसं झालं असलं तरी डिसेंबरपर्यंत ओढा.

सर्व्हिसरच्या ईमेलचं उत्तरही इथेच आहे. हाफ-टाइमपेक्षा खाली गेलं की सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलत, सुरू होतो. नव्या कॉलेजने हजेरीची नोंद कळवली की लोन पुन्हा 'इन-स्कूल' होतं. मधे एक सेमिस्टर रिकामी गेली असेल आणि नोंद उशिरा पोचली असेल तर सर्व्हिसरला स्वतः फोन करा आणि नव्या रजिस्ट्रारकडून एनरोलमेंट व्हेरिफिकेशन पाठवायला लावा. ईमेल दुर्लक्षित करण्यासारखी नाही.

७. क्रेडिटची नोंद पूर्ण झाली आहे का?

लोनची वार्षिक मर्यादा वर्गावर ठरते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५०० डॉलर. वर्ग कोणता, हे नवं कॉलेज त्यांनी *स्वीकारलेल्या* क्रेडिटवरून ठरवतं, मुलाने किती केली त्यावरून नाही. साठ क्रेडिट घेऊन आलेल्या मुलाची मे महिन्यात चोवीसच नोंदली गेली असतील तर त्याला फर्स्ट इयरचं पॅकेज मिळतं. जुलैत बाकीची चढतात, पण पॅकेज आपोआप बदलेलच असं नाही. एड ऑफिसला ग्रेड लेव्हल पुन्हा बघायला सांगावं लागतं. क्रेडिटसाठी भांडायचं असेल तर ते एड ऑफिसशी नव्हे, रजिस्ट्रार किंवा त्या विषयाच्या विभागाशी, हातात जुन्या कोर्सचा सिलॅबस घेऊन.

तीच क्रेडिट दुसऱ्या बाजूने नडतात. प्रगतीच्या तपासणीला सॅप म्हणतात, आणि तिच्यात एक अट अशी की पदवीला लागणाऱ्या क्रेडिटच्या दीडपटीत पदवी संपली पाहिजे. १२० क्रेडिटच्या पदवीला १८०. स्वीकारलेली जुनी क्रेडिट यात मोजली जातात. ज्याने शाळेतच ड्युअल एनरोलमेंट केलं, मग कम्युनिटी कॉलेजात मेजर बदललं आणि ढीगभर क्रेडिट घेऊन आला, त्याला पहिल्याच दिवशी 'प्रगती समाधानकारक नाही' हे पत्र येऊ शकतं. ते आलं तर अपील करा. अपिलात रडगाणं नको. उरलेल्या सेमिस्टरचा कोर्सनिहाय आराखडा लावा, अ‍ॅडव्हायझरच्या सहीचा. ऑफिसला जे हवं असतं ते हेच: पदवी कधी संपणार.

पेल ग्रँटला आयुष्यभराची मर्यादा ६०० टक्के, म्हणजे पूर्णवेळ शिकणाऱ्याला साधारण बारा सेमिस्टर. स्टुडंटएडच्या खात्यात किती वापरली ते दिसतं.

पॅरेंट प्लस लोनवर, म्हणजे पालकांनी आपल्या नावावर घ्यायच्या फेडरल लोनवर, भिस्त असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. १ जुलै २०२६ पासून त्याला प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. आधीपासून घेत असलेल्यांना काही सवलत आहे, ती कॉलेज बदलल्यावर टिकते का हे नव्या एड ऑफिसला लेखी विचारा, आणि मगच डिपॉझिट भरा.

८. स्टेटची आणि कॉलेजची स्वतःची एड

फेडरल गाडं सुरळीत चाललं तरी स्टेटचं वेगळं असतं. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट ही स्टेटची ग्रँट असेल तर वेबग्रँट्स या साइटवरच्या विद्यार्थी खात्यात कॉलेज बदलल्याची नोंद करा. न्यूयॉर्कमध्ये टॅप या ग्रँटसाठी कॉलेजचा कोड एचईएससी या स्टेटच्या एड खात्याकडे बदलावा लागतो. न्यू जर्सीची टॅग ग्रँट न्यू जर्सीतल्याच कॉलेजांत चालते. स्टेट ओलांडली की विसरा.

खाजगी कॉलेजात जाताय तर त्यांना सीएसएस प्रोफाइल लागतं का बघा. तो कॉलेज बोर्डाचा वेगळा फॉर्म. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, आणि एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना माफ. जुन्या कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप बरोबर येत नाही. नव्याची ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठीची वेगळी असते आणि तिची तारीख अ‍ॅडमिशनच्या तारखेआधीही असू शकते. कम्युनिटी कॉलेजच्या मुलांनी फाय थीटा कॅपा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेचं सभासदत्व मिळत असेल तर घ्यावं. अनेक युनिव्हर्सिट्या त्यावर वेगळी स्कॉलरशिप देतात.

९. आकडेच चुकलेत किंवा जुने झालेत

२०२४ मध्ये दोघांच्या नोकऱ्या होत्या, २०२६ मध्ये एक गेली. फॅफ्साला हे दिसत नाही. यासाठी 'प्रोफेशनल जजमेंट', म्हणजे बदललेली परिस्थिती बघून एड ऑफिसने आकडे सुधारणं, मागायचं असतं: ले-ऑफचं पत्र, शेवटची पे-स्लिप, सेव्हरन्स किती, अनएम्प्लॉयमेंट किती, आणि पानभर पत्र. जुन्या कॉलेजने मान्य केलेलं नव्यावर बंधनकारक नाही, तिथे पहिल्यापासून मागावं लागतं. आणि त्यांचा निर्णय अंतिम, वर शिक्षण खात्याकडे दाद नाही. म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण फाइल द्या.

उलट दिशेची चूकही आपल्याकडे होते. राहतं घर आणि ४०१-के ही निवृत्तीची बचत फॅफ्सात धरत नाहीत, पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट ही गुंतवणूक आहे. कर्ज वजा जाता आपल्या वाट्याची किंमत लिहावी लागते. 'तो इंडियातला आहे' हे कारण चालत नाही. राहून गेला असेल तर स्वतःहून दुरुस्त करा.

इथे थांबा आणि जाणत्याला गाठा

बिल भरायची तारीख आठवड्याच्या आत आली असेल तर ऑनलाइन खटपट बंद. एड ऑफिसात प्रत्यक्ष जा किंवा काउन्सेलरची वेळ घ्या. 'एड प्रलंबित आहे, क्लास ड्रॉप करू नका' अशी नोंद खात्यावर टाकायला सांगा, नाहीतर पेमेंट प्लॅन मागा.

मूल एच-४ किंवा एफ-१ (स्टुडंट) व्हिसावर असेल तर फेडरल एड मिळत नाही. वेगवेगळ्या पद्धतीने फॉर्म भरून बघू नका. आणि चुकून 'यूएस सिटिझन' निवडून सबमिट केलं असेल तर पुढचं काहीही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. नागरिकत्वाचा खोटा दावा ग्रीन कार्डच्या आड येऊ शकतो. हा विषय ना माझा, ना एड ऑफिसचा.

भारतातलं भाडं किंवा एनआरई खात्याचं व्याज टॅक्समध्ये दाखवलेलं नसेल तर आधी दोन्ही देशांतलं टॅक्सचं कळणारा सीपीए, म्हणजे अकाउंटंट, मग फॅफ्सा.

जुनं लोन डिफॉल्टमध्ये असेल किंवा ग्रँट जास्त दिली गेल्याची नोंद असेल तर नवं कॉलेज काही देऊच शकत नाही. ते आधी सर्व्हिसरशी किंवा शिक्षण खात्याच्या वसुली विभागाशी मिटवावं लागतं. मदतीसाठी स्टुडंटएडचा फोन १-८००-४३३-३२४३, फुकट. 'आम्ही एड मिळवून देतो' म्हणून फी मागणाऱ्याला आणि खात्याचा पासवर्ड मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सर्व्हिसरशी वाद मिटतच नसेल तर फेडरल स्टुडंट एडचं ओम्बड्समन, म्हणजे तक्रार निवारणाचं, ऑफिस आहे. तिथे जाताना कोणाशी कोणत्या तारखेला काय बोलणं झालं याची यादी आणि सगळ्या ईमेल जोडा.